मागे जायचा बाण

घरात तिला सगळे खटपटी म्हणत. लहानपणी तिने कपाटाचं दार दोन्ही बाजूंनी उघडेल असं बसवलं होतं, तेव्हापासून. नोकरी सोडून ती ॲप बनवायला लागली तेव्हा आई म्हणाली, "दोन दगडांवर पाय ठेवणारी पडते, बाई." खटपटी हसली. तिचा धंदाच तो होता! कोड एकदाच लिहायचा, तो दोन्ही प्रकारच्या फोनवर पळायचा, आणि बटणं मात्र ज्या त्या फोनच्या घरचीच वाटायची.

आज पहिलं गिऱ्हाईक, बेकरीवाले काका. "सगळे सांगतात, दोन फोनांना दोन ॲप, ती बनवणाऱ्यांच्या दोन टोळ्या लागतील," ते म्हणाले होते. "तू एकटी करून दाखव, काम तुझं. नाहीतर सोमवारी त्यांना बोलावतो."

काउंटरवरचं पीठ बाजूला सारून तिने लॅपटॉप ठेवला, दोन वायरी जोडल्या. स्वतःचा फोन काकांच्या हाती दिला, भावाकडून मागून आणलेला दुसऱ्या प्रकारचा काकूंच्या. काका केकच्या पानावर गेले, परत आले, पावांकडे वळले. मान डोलू लागली. काकू मात्र चॉकलेट केकच्या फोटोपाशीच थांबल्या.

"एवढा आवडला?" काकांनी विचारलं.

"आवडतोय कुठला! ह्या फोननं मला आत घातलंय, आता बाहेर काढत नाही."

खटपटीने वाकून काकूंच्या हातातला पडदा पाहिला. तिच्या फोनला खाली मागे जायचं बटण होतं, भावाच्या फोनला नव्हतं. त्या फोनवर तिने एकेक पान थेट उघडून तपासलेलं. परत फिरायची वेळच आली नव्हती.

"बघ, म्हणून दोन टोळ्या," काका म्हणाले.

"काका, फोन तसाच धरा. काकू, तुम्हीपण."

तिने वरच्या पट्टीत बाण दाखवणारी एक ओळ लिहिली आणि सेव्ह केलं. दोन्ही पडद्यांवर, डाव्या कोपऱ्यात, एकदमच बाण उगवला. काकूंनी तो दाबला आणि सुटल्या.

काकांनी स्वतःच्या हातातला फोन उलटसुलट करून पाहिला. "माझ्यातपण आला? इकडे तर तू हातही लावला नाहीस."

"कोड एकच आहे ना, काका."

"मग तो बाण जरा मोठा कर," काकू म्हणाल्या. "माझी बोटं कायम लोण्याची."

तिने एक आकडा बदलला. बाण दोन्हीकडे टम्म फुगला. काकू खुदकन हसल्या, आणि खटपटीला वाटलं, आत्ता इथेच एक उडी मारावी.

काकांनी फडकं घेऊन लॅपटॉपभोवतीचं उरलंसुरलं पीठ पुसलं. "सोमवारी तूच ये. सकाळी लवकर. गिऱ्हाइकं आली की मला बोलायला फुरसत नसते."