दादाने न लिहिलेली तारीख

दादाने तारीख लिहिली नाही, ही गोष्ट काही केल्या मनातून जात नाही. मुलगी आत झोपली आहे. भिंतीपलीकडे मधूनच लिफ्ट घरघरते, आणि ती थांबेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

दादा माझा थोरला भाऊ, लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक. वडील अचानक गेले तेव्हा त्याने शाळा सोडून हातात पाना घेतला. मी कॉलेजात गेले ती त्याच्या पगारावर. स्वभावाने भित्रा. गॅस बंद केला की नाही ते पाहायला अर्ध्या वाटेतून परत येणारा. वहिनी त्याला ‘डबल कुलूप’ म्हणायची. कामात मात्र हा भित्रेपणाच त्याचा गुण ठरला. लिफ्टच्या पोलादी दोरावरून तो फडकं फिरवायचा आणि तुटक्या तारेत ते अडकायला लागलं की दोर बदलायला काढायचा. “तुटल्यावर बदलतो तो मेकॅनिक नव्हे, भंगारवाला,” म्हणायचा. मग मशीनच्या खोलीत, भिंतीवर खडूने पुढच्या तपासणीची तारीख. ती लिहिल्याशिवाय हात पुसायचा नाही.

वहिनी वारली आणि तो एका नव्या ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागला. प्रभू पुन्हा येणार हे आमच्या जुन्या चर्चमध्येही शिकवत. पण तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, तोवर हातातलं काम नीट करा, असंही बजावत. नव्या पास्टरांकडे भिंतभर तक्ता आहे. जगाचा सगळा इतिहास सात युगांत कापलेला. सहाव्याच्या टोकाला वर जाणारा एक बाण : विश्वासणारे क्षणात स्वर्गात उचलले जाणार, मागे राहिलेले महासंकटात होरपळणार. कुठे लढाई पेटली की पास्टरांचं बोट बाणाकडे सरकतं.

मी इतिहास शिकले आहे. ही मांडणी या रूपात जेमतेम दोनशे वर्षांची. शास्त्रातली एक ओळ इथून, एक तिथून कापून गोधडीसारखी शिवलेली. त्यानंतरच्या प्रत्येक पिढीला आपलीच लढाई शेवटची वाटली. हे सांगितलं तर दादा म्हणाला, “तू पुस्तकं वाच, मी आभाळ वाचतो.”

“पण मामा, लोकांना वर न्यायचं काम तर तुझंच ना?” मुलगी म्हणाली.

“माझी लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच जाते गं बाई!”

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

आज तो आमच्याच इमारतीची लिफ्ट तपासायला आला. मी चहा घेऊन गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. दोरावर फडकं अडकलं. थोडं पुढे पुन्हा अडकलं. दोराखाली गंजाची तांबूस पूड साचली होती. दादाने फडकं खिशात कोंबलं आणि लिफ्ट चालू केली.

“दोर बदलायला झालेत ना रे?”

“झालेत.”

“मग?”

“मागवायचे, यायचे, महिने जातात. तोवर आपण इथे असू का, वेडे?”

“आणि असलो तर?”

“एकच दोर नसतो. सगळे एकदम नाही तुटत.”

“हे तू मला सांगतोस? डबल कुलूप?”

“कुलूप आता कशाला?” तो मायेने हसला. भिंतीवर जुन्या तारखांखाली जागा रिकामीच होती. मी बोट दाखवलं.

“ती लिहिणं म्हणजे अविश्वास,” तो म्हणाला आणि त्याने हात पुसले.

त्याला वहिनीला भेटायची घाई झाली आहे, हे मला कळतं. तक्त्याने त्या घाईला श्रद्धेचं नाव दिलं. बाण काढणाऱ्याने वर जाणारे मोजले. मागे राहणाऱ्यांच्या डोक्यावरचा दोर कोणी पाहायचा, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी मुलीला म्हटलं, उद्यापासून जिन्याने जा.

“दप्तर घेऊन? काहीतरीच काय आई! मामाने आजच तर तपासली ना?”

सगळी इमारत हेच म्हणेल. मुलीला मी जिन्याने धाडीन. वरच्या मजल्यावरच्या आजी चाकांच्या खुर्चीत असतात, त्या कशा उतरणार? दादाला दोनदा फोन केला. “भिऊ नकोस, प्रार्थना कर,” दोन्ही वेळा तेवढंच. प्रार्थना केली. भीती जात नाही.

त्याच्या साहेबांना कळवलं तर नोकरी जाईल. ज्या हातांनी मला शिकवलं, त्यांतला पाना मी काढून घेतला असं होईल. कदाचित तो माझं तोंडही पाहणार नाही.

लिफ्टमधल्या पाटीवर दोन नंबर आहेत. पाटीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. पहिला नंबर दादाचा. दुसरा साहेबांचा, कुठल्याही वेळी उचलतात.

पुन्हा घरघर सुरू झाली. कोणीतरी वर येतंय.

मी दुसरा नंबर लावते आहे.