कापडणीस सरांची आणेवारी

काकूंचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "अगं, तुझे सर गेले," त्या म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, "पेपर वाचता वाचता गेले. शब्दकोडं अर्धं ठेवून गेलेत, आता ते माझ्याच गळ्यात." मला हसू फुटलं, दूध उतू गेलं, आणि रडू यायला संध्याकाळ व्हावी लागली... कापडणीस सरांच्या घरात दुःखसुद्धा असं चेष्टा करत यायचं. आता काही आठवडे झाले. लिहायला बसले आहे, आणि आठवतं ते सगळं हसवणारंच आहे, त्याला मी तरी काय करू?

सरांनी नाशिकच्या एका कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी रविवारच्या सकाळी एक वेगळाच उद्योग मांडला. एमबीएला जाऊ बघणारी मुलं त्यांच्याकडे यायची, मोठ्या नावाच्या संस्थांमध्ये आपला नंबर लागेल का, हे विचारायला. ना क्लास, ना पाटी. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत घर, बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्च्या आणि आतून काकूंचा चहा. मुलं आपले मार्क, प्रवेश परीक्षेचा स्कोअर, नोकरीचा अनुभव सांगायची. सर मध्ये मध्ये आडवेतिडवे प्रश्न विचारायचे आणि शेवटी निकाल द्यायचे, तो आण्यांमध्ये. "दहा आणे." "बारा आणे." एका मुलाला त्यांनी "दोन आणे, आणि तेही तुझा शर्ट चांगला आहे म्हणून" असं सांगितलेलं, पुढे त्या घरी माझं जाणं-येणं सुरू झाल्यावर, मी स्वतः ऐकलं आहे. तो मुलगाही हसला, हे विशेष.

हे आणे त्यांनी वडिलांकडून उचलले होते. वडील तलाठी होते. गावचं पीक किती आलं याचा अंदाज सरकार ठरवतं, त्याला आमच्याकडे जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. सोळा आणे म्हणजे भरभरून पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. लहानगे सर वडिलांच्या मागे बांधाबांधाने हिंडले होते. ते म्हणायचे, "माझ्या वडिलांनी कधी उभ्या पिकाकडे रस्त्यावरून बघून आकडा लावला नाही. आत शिरायचं, कापून बघायचं." मुलांच्या बाबतीत ते हेच करत. अर्जात नेतृत्वगुण म्हणून जो तो गणपती मंडळाचा अध्यक्ष असायचा. सर म्हणायचे, "नाशकात मंडळांपेक्षा अध्यक्ष जास्त झालेत. ते राहू दे, वर्गणी मागायला दारोदार कोण गेलं होतं? दार लावून घेतलं त्यांच्याकडे परत गेलास का?" जो गेला होता तो खुलून बोलायला लागायचा, आणि त्याचे आणे आमच्या डोळ्यांदेखत वाढायचे.

आईबापांची मात्र गंमत व्हायची. आकडा ऐकला की ते भाजी बाजारात उभं राहिल्यासारखे घासाघीस सुरू करायचे. एक डॉक्टर गृहस्थ अगदी काकुळतीला आले होते, "सर, नऊचे दहा करा ना." सर शांतपणे म्हणाले, "दहा काय, पंधरा देतो. माझ्याकडून घेऊन करणार काय? प्रवेश तर त्यांनी द्यायचाय." आकड्यात एका पैचीही भर कधी घालत नसत. या एका बाबतीत ते विलक्षण हट्टी होते, आणि त्या हट्टाचा चटका मलाही बसला, कारण एका रविवारी माझं सगळं त्यांच्या आकड्यावरच लटकलं होतं.

मी देवळ्याची. इंजिनीअर होऊन नाशकातच अंबडच्या एका कंपनीत नोकरीला लागले होते. एमबीएची परीक्षा एकदा देऊन झाली होती. मुलाखतीची बोलावणी आली, पण प्रत्येक मुलाखतीत मी तोंडावर आपटले. मला आणखी एक वर्ष हवं होतं. घरात मात्र सटाण्याकडचं स्थळ चालून आलेलं, मुलगा चांगला, माणसं चांगली, सगळे घाई करत होते. माझे वडील, अण्णा, कांद्याचे शेतकरी, तसे कमी बोलणारे. ते म्हणाले, "एखाद्या जाणत्या माणसाला विचारू. तो व्हईल म्हणला तर वर्ष तुझं. नाय म्हणला तर पाहुण्यांना होकार." मी मान्य केलं. दुसरं करणार तरी काय होते? कंपनीतल्या एका मैत्रिणीने सरांचं नाव सांगितलं, आणि पुढच्याच रविवारी अण्णा पहाटेच्या एसटीने नाशकात हजर झाले.

सरांनी मला सोलूनच काढलं. स्कोअर ठीक होता. बारावीचे मार्क त्यांनी भुवई उंचावून ऐकले. मग विचारलं, "तुला हे शिकायचंय कशासाठी?" मी पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हटलं. सर म्हणाले, "छान. आता हेच परत सांग, पण तुझं स्वतःचं." मी तेच उत्तर शब्द बदलून पुन्हा म्हटलं. सर म्हणाले, "सहा आणे."

मी अण्णांकडे बघूच शकले नाही. सटाण्याच्या पाहुण्यांना आता कोण फोन करणार, एवढंच डोक्यात होतं. काकू चहा घेऊन आल्या, पण चहाला आम्ही दोघांनीही हात लावला नाही. अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सहा म्हणजे... आठ आण्याच्या खालीच ना, सर?"

"हो. उगाच आशा लावणार नाही मी."

"मंग सवलत लागू व्हती."

मला आधी अर्थच लागेना. मग लख्ख उजेड पडला. आठ आण्यांच्या खाली आणेवारी गेली की गावाला सवलती मिळतात, सारा माफ होतो, मुलांच्या परीक्षेची फी माफ होते. म्हणून तर आमच्याकडे आपलं पीक कमी लागावं यासाठी शेतकरी साहेबाच्या मागे मागे फिरतो. अण्णांनी उभ्या जन्मात कमी आकडा ऐकून तोंड पाडलं नव्हतं. पुढे काय मागायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"गावाला मिळती, तर पोरीला का नाय?" अण्णा म्हणाले. "एक वर्ष माफ. पाहुण्यांना मी सांगतो. सर, तुमी फकस्त एवढं सांगा, उरलेले आणे कुठं गळाले?"

सर इतके हसले, इतके हसले की चहा बशीत, बशीतून धोतरावर... काकू आतून फडकं घेऊन धावल्या. आणि मी त्या अनोळखी घरात, अण्णांचा हात धरून, मोठमोठ्याने रडले. तेवढं सुख मला पुढे प्रवेशाच्या पत्रानेही दिलं नाही.

उरलेले आणे कुठे गळाले ते सरांनी सांगितलं, आणि उपायही सांगितला. दर रविवारी मी अण्णांना फोन करायचा, आणि मला हे का शिकायचंय ते त्यांना पटेपर्यंत सांगायचं. "यांना समजलं तर मुलाखत घेणाऱ्यांनाही समजेल." अण्णांनी ही कामगिरी भलतीच मनावर घेतली. फोनवर ते आमच्या अहिराणीत म्हणायचे, "माले काहीच समजनं नही, पोरी. परत सांग." मी परत सांगायची. एकदा म्हणाले, "आज सात आणे." मी चिडून फोन ठेवला. पण कांदा रुजण्यापासून गिऱ्हाइकाच्या ताटात जाईपर्यंत मध्ये किती हात लागतात आणि त्यातलं काय बदलायला हवं, हे बोलता बोलता मलाच माझं उत्तर सापडत गेलं. पुढल्या मुलाखतीत तोच प्रश्न आला. समोर तीन सुटाबुटातली माणसं होती, मी बोलले मात्र अण्णांशी. माझा प्रवेश झाला. सरांना पेढे द्यायला गेले तर म्हणाले, "एक अण्णांच्या नावाने दे, तो मी खातो. डॉक्टरांना सांगू नकोस."

डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नव्हतंच. मध्यंतरी सरांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तरुण डॉक्टर धीर द्यायला म्हणाला, "चान्सेस चांगले आहेत." सर म्हणाले, "चांगले म्हणजे किती आणे?" तो बिचारा गोंधळून काकूंकडे बघायला लागला. काकू म्हणाल्या, "सोळापैकी सांगा." डॉक्टरने खरंच विचार केला आणि म्हणाला, "अकरा." सर खूश. "ऑपरेशन याच्याकडूनच. हा उगाच वाढवत नाही." त्यानंतर ते बरीच वर्षं ठणठणीत राहिले.

परवा काकूंनी मला बोलावून घेतलं. आधीच ठरलेली मुलं अजून येत होती आणि त्यांना परत पाठवणं काकूंच्या जिवावर यायचं. "तू बस ना," म्हणाल्या. मी सरांची खुर्ची सोडून शेजारी बसले. नांदगावची एक मुलगी आली होती, सोबत तिची आई. मुलगी हुशार, पण घाबरलेली, आणि उत्तरं सगळी पाठ केलेली. मी बराच वेळ विचारत राहिले. शेवटी आकडा द्यायची वेळ आली. सात म्हणावं, आठ म्हणावं, काय बिघडतं, असं फार वाटलं. पण त्या खोलीत बसून ते जमेना.

"पाच आणे," मी म्हटलं.

मुलीने मान खाली घातली. आईने विचारलं, "सर असते तर किती म्हणले असते?"

"पाचच."

त्या माउलीने पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "मंग म्याडम, यंदा नाय झालं तर पुढच्या वर्षी कधी यायचं, ते आत्ताच सांगून ठेवा."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. ती घाबरली. "लय मागितलं का मी?"

"नाही हो मावशी," मी म्हटलं. "एवढंच मागायचं असतं."