पंपाच्या झाकणाची चीर

आमच्या मालकांचं, म्हंजी माज्या नवऱ्याचं, साताऱ्यात गॅरेज हुतं. लय जुन्या मोटारींची इंजनं तेवढी बघायचे. साखरंच्या आजारानं त्यांचं डोळं गेलं तवा मिरजंच्या दवाखान्याला लय हेलपाटं घातलं, पर उपेग झाला न्हाई. तरीबी म्हनायचे, "डोळं गेलं तर गेलं. हात हायत न्हवं?" बोल्ट आवळायचं तेच. बघायचं काम माज्याकडं आलं. मला वाचाय येत न्हाई, पर त्याल कुठनं गळतंय ते दिसतंय.

पाचगणीच्या एका सायबांनी आज्याच्या येळची मोटार आनली. खाली त्याल ठिबकायचं. मालकांनी त्यालाचा पंप सोडला, नवं पॅकिंग कापून घातलं, झाकण आवळलं. मग तपासनी. मी पंप रॉकेलनं धुतला, कोरडा केला आन वरनं तोंडाची पावडर भुरभुरली. गळती असंल तिथं पावडर वली हून काळी पडती. मालकांनी आत त्याल भरलं, त्याल भायेर पडायचं भोक बंद केलं आन पंपाचा दांडा फिरवाय लागले.

सायब म्हनले, "मेस्त्री, पंपाला नवरीगत नटवलाय की!"

मालक म्हनले, "नटवंल न्हाई तर काय! मला कवा एवढी पावडर लावली न्हाई तिनं."

मीबी हसले. हसता हसताच दिसलं. पॅकिंग कोरडं हुतं, पर एका बोल्टाच्या बुडाला केसागत काळी रेघ उमटली हुती.

"सांग की गं, कुठनं येतंय?"

"झाकणाला चीर पडल्या. बोल्टापाशी."

मालकांनी इचारलं, "काळी हाय का पांढरी?"

जुन्या चिरंत मळ बसून ती काळी झाल्याली असती. आत्ता फुटल्याली आतनं पांढरी चकाकती. त्यांनीच शिकवलं हुतं मला. मी वरची पावडर रॉकेलनं पुसली, चिरंत मोबाइलचा उजेड पाडला. सायबाला त्यातलं काय कळत न्हवतं. झाकण तर दुसरं घालावंच लागनार हुतं, काळी असू दे न्हाईतर पांढरी.

"पांढरी," मी म्हनलं.

त्यांनी पाना खाली ठेवला. बोटावर बोट चोळत बसले. "किती आवळलं ते कळलंच न्हाई गं मला." साखर हातातबी उतरल्याली, बोटं बधिर झाल्याली. सायबाला म्हनले, "माज्या हातनं फुटलं. गाडी दुसरीकडं न्या."

"आवं मेस्त्री, झाकण मिळंल की दुसरं," सायब म्हनत हुते. तवर हे भिंत धरत घरात गेले.

परत पाना हातात धरला न्हाई त्यांनी. वरीसभर दारात बसून हुते, मग गेले. काळी म्हनायला माजं काय जात हुतं? पर तवा तोंडातनं आलंच न्हाई. त्यांच्याशी खोटं बोलायची सवय न्हवती मला.