सात भाषा आणि सी शिफ्टची तारीख

फाउंड्रीत आलेल्या ट्रेनरने फळ्यावर कॉम्प्युटरच्या सात भाषांची नावं लिहिली, तेव्हाच मला संशय आला. पायथॉन, जावा, सी प्लस प्लस, आणखी चार. “तीन महीने में सब आ जाएगा, सरजी,” तो म्हणाला. माझी अख्खी नोकरी कॉम्प्युटरवर गेली, तरी मला धड अडीच येतात. हा कुठला जादूगार? त्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये प्रत्येक भाषेचा कोर्स वेगळा आणि फीही वेगळी होती, हे मी आधीच काढून ठेवलं होतं.

भिलाईच्या इंडस्ट्रियल एरियातली ही छोटी फाउंड्री. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं आणि मशीनचे पार्ट करायचे, हे काम. मी तिथूनच रिटायर झालो. इथल्याच हुडको कॉलनीत राहतो, आणि काही अडलं की मॅनेजर वानखेडे साहेब बोलावतात. या वेळी अडलं होतं वंदना ठवकरपाशी. ती रोजचा प्रॉडक्शन रिपोर्ट करते. भट्टीभर लोखंड एकदा वितळलं की त्याला म्हणतात एक हीट. दिवसात किती हीट झाल्या, हे वंदना रजिस्टरमध्ये लिहिते. काही महिन्यांपासून तिचा आकडा कॉम्प्युटरच्या आकड्याशी जुळतच नव्हता.

साहेबांनी केबिनचं दार लावलं. “भोयर, मले तं वाटते, बाई आकडे बनवून राहिली. ट्रेनर म्हणते, पायथॉनवाला माणूस ठेवा. हिले कोरबाच्या युनिटले पाठवून देतो. तुम्ही पंधरा दिवस पाहा अन् मले सांगा.”

खरं सांगतो, मलाही तिचाच संशय होता. माझा स्वभावच तसा. बायको म्हणते, मी दूधवाल्याचीही उलटतपासणी घेतो.

वंदना जवळच्या उतई गावाहून स्कूटीने येते. नवरा रेल्वेत, चार-चार दिवस लाइनवर. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. इतक्या लांब कोरबाला जाणं म्हणजे तिच्यासाठी नोकरी सोडणंच होतं, आणि बदलीची कुणकुण तिला लागली होती.

“काका, कोनती भाषा शिकू ते सांगा,” ती म्हणाली. “सातही शिक म्हणाल तं सातही शिकीन. पन मले इथून हलवू नका.”

“आधी हे सांग, साहेब तुले रोज काय विचारतात?”

“काल किती हीट झाल्या.”

“बस?”

“कोनत्या शिफ्टमध्ये किती, अन् रिजेक्ट किती.”

म्हणजे तिचं काम साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायचं. त्याला एसक्यूएल लागते. डेटाबेस म्हणजे रजिस्टरांनी भरलेलं कपाट समजा. त्या कपाटाला ‘अमुक तारखेच्या हीट काढून दे’ असं सांगायची भाषा ती एसक्यूएल. पायथॉनशी माझं वैर नाही. पन्नास फायलींचं तेच ते काम आपोआप करून घ्यायचं असेल तर जरूर शिकावी. जावा मोठमोठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लागते. हिला कुठे सॉफ्टवेअर बनवायचं होतं?

दुसरं कारण मी तिला सांगितलं नाही. एसक्यूएल शिकायची तर तिला तीच हीटची माहिती उघडावी लागणार, आणि रजिस्टरमध्ये खोट असेल तर ती माझ्या डोळ्यांसमोर बाहेर येणार. मी तिला पकडायला शिकवत होतो. आता लिहितानाही लाज वाटते.

रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही बसायचो. डबा एका हाताने, कीबोर्ड दुसऱ्या हाताने. आठव्या दिवशी ती म्हणाली, “काका, महिन्याचं टोटल तं जवळपास जुळून राहिलं. रोजचंच जुळत नाही. असं कावून?”

आकडे बनवणारा टोटल जुळवूनच ठेवतो, बाई चलाख दिसते, असं मनात आलं. तोंडाने म्हणालो, “अस्सं? शोध मग.”

दोन दिवसांनी तिने मला बोलावलं. कॉम्प्युटर ज्या एसक्यूएलवरून रिपोर्ट काढतो, ती जुनी फाइलच तिने उघडली होती. मी सांगितलं नव्हतं.

“हे पाहा. कॉम्प्युटर रात्री बाराले तारीख बदलते. आपला दिवस सकाळी सहा ते सहा. सी शिफ्ट रात्री दहाले लागते. बारानंतरच्या हीट मी आदल्या दिवसातच लिहिते, भट्टीवाले बी आपल्या वहीत तसंच लिहितात. हा कॉम्प्युटर त्याइले दुसऱ्या दिवसात टाकून देते.”

अरे देवा! घरच्या कॅलेंडरवर तारीख बाराला बदलते, आमच्याकडे सकाळी सहाला ए शिफ्ट आत आली की बदलते. भट्टीजवळ उभा राहणारा प्रत्येक माणूस हे जाणतो. कॉम्प्युटरला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं. सी शिफ्ट याच वर्षी सुरू झाली, म्हणून आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“अन् हे वाचा,” तिने बोट ठेवलं. प्रोग्रॅममध्ये माणसांसाठी टिपा लिहितात, कॉम्प्युटर त्या सोडून देतो. तशी एक टीप होती. सी शिफ्ट चालू झाल्यावर तारीख सुधारणे, व्ही. एन. बी.

विठ्ठल नारायण भोयर. मी. ही फाइल नोकरीत असताना मीच बनवली होती, आणि टीप लिहून ठेवून साफ विसरलो होतो.

तसाच उठून केबिनमध्ये गेलो. “साहेब, चूक सापडली.”

“बाईचीच ना?”

“नाही. माझी.”

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “अन् पायथॉन?”

“लागली तं शिकेल वंदना. आता कावून?”

दुरुस्ती वंदनानेच केली. हीटच्या वेळेतून सहा तास वजा करायचे आणि मग तारीख घ्यायची. एका ओळीचं काम. दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे जुळले. कोरबाचं नाव परत निघालं नाही.

मला राहवलं नाही. तिला म्हणालो, “पोरी, मी तुझ्यावर संशय घेतला होता. चुकलं माझं.”

“मले माहीत होतं, काका,” ती डबा उघडत म्हणाली. “म्हणून तं तुमची फाइल उघडली.”

आता कोणी विचारलं, कोणती भाषा शिकू, तर मी सांगतो, साहेब रोज जे विचारतो त्याचं उत्तर जिच्यात निघेल ती. आणि शिकवणाऱ्याची चूक वाचता येईपर्यंत शिका.