तात्यांची शाई आणि सचिवालयाची टेबलं

जुन्या दप्तरातले आम्ही दोघे-तिघे जमलो की तात्यांच्या शाईच्या कारखान्याचे किस्से निघतात. एक संपेपर्यंत दुसरा तोंडाशी आलेला असतो, आणि चहा थंड होतो.

इंदूर संस्थान मध्य भारत या नव्या राज्यात विलीन झालं आणि आमचे हेडक्लार्क तात्या यांची ग्वाल्हेरला बदली झाली. इंदूर सोडायचं नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला, मला आणि भाऊ दिघ्यांना ओढलं आणि परसात शाई करायला घेतली. "दिवाळीपर्यंत सचिवालयातलं एकही टेबल आपल्या शाईशिवाय राहता कामा नये. ध्येय ठरलं!"

तात्यांची मंडळी, म्हणजे आमच्या काकू, दारातूनच म्हणाल्या, "नाही जमलं तर मुकाट्याने ग्वाल्हेर. माझ्या भावाच्या दुकानात." तात्यांनी मान डोलावली.

* * *

नियोजन मात्र दप्तरी. बाटलीला बूच कसलं लावायचं, यावर मी टिपण लिहायचं, भाऊंनी शेरा मारायचा, तात्यांनी हुकूम द्यायचा. बसलेलो तिघेही एकाच सतरंजीवर! हुकूम निघेपर्यंत उघड्या घमेल्यातली पहिली शाई वाळून गेली.

तात्या म्हणाले, "काम रीतसर झालं, हे महत्त्वाचं."

* * *

विक्रीच्या पहिल्या फेरीला तात्या पगडी आणि बंद गळ्याचा कोट घालून इंदूरजवळच्या हातोदच्या बाजारात गेले. दुकानदार उठून उभे. एकाने तराजू पुसून पुढे केला. "हुजूर, काँटा एकदम सही है, देख लो." भाव विचारायची कुणाची छाती होईना. एकही बाटली न विकता परतलो.

तात्या खुशीत. "वचक बसला. आता माल बसेल."

पुढच्या फेरीला काकूंनी पगडी लपवून ठेवली, आणि माल खपला.

* * *

आता खरा किस्सा. ध्येयासाठी आम्ही पावसाळाभर शाई घोटली. दिवाळीच्या तोंडावर हातगाडी भरून सचिवालयात पोचलो, तर दारात ट्रकच ट्रक. नव्या राज्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर! आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जागचं न हललेल्या दप्तरातली माणसं. दप्तर गाव बदलतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. टेबलं ट्रकवर चढत होती.

"चला, गाडी वळवू," भाऊ म्हणाले.

तात्या सरळ बडे बाबूंकडे गेले. "तिथे पोचल्याबरोबर लिहायला शाई लागेलच ना?"

"लगेगी तो सही, तात्याजी," बाबू घाम पुसत म्हणाले. "रखवा दो. बिल भेज देना."

आम्ही ट्रकवर चढून टेबलांच्या खणाखणात बाटल्या ठेवल्या.

ट्रकांची बातमी घरी आधीच पोचली होती; काकूंनी ग्वाल्हेरसाठी ट्रंक भरायला घेतली होती. "झालं का ध्येय?"

"झालं. एकही टेबल सोडलं नाही."

"आणि टेबलं कुठे आहेत?"

"ग्वाल्हेरच्या वाटेवर."

काकू ट्रंकेतली लुगडी एकेक बाहेर काढत म्हणाल्या, "शाई गेली ना? मग आपण कशाला जायचं?"