शेळकेमॅडमची वाटी

ॲनाटॉमीच्या पहिल्याच तासाला शेळकेमॅडम पिशवीतून स्टीलची वाटी घेऊन आल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या गुडघ्यावर ती पालथी घातली आणि म्हणाल्या, "ही पटेला. लॅटिनमध्ये याचा अर्थ छोटी थाळी, आपली वाटीच म्हणा. आता जपून परत द्या गं, दुपारी मला यातच वरण घ्यायचंय."

आमचं नर्सिंग कॉलेज राहुरीत. मॅडम ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत. नडगीचं टिबिया म्हणजे पावा, गळ्याखालचं क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली, असं एकेक हाड त्या घरात आणून ठेवायच्या. "घाबरता काय? नावं ठेवणारी माणसंही आपल्यासारखीच. घरात जे दिसलं, तेच नाव दिलं!"

मी कर्जतकडची, मराठी शाळेतली. वर्गात सगळं कळायचं, पेपरात इंग्रजी नावं बघितली की डोकं बधिर. पहिल्याच परीक्षेत सपशेल आपटले. फोनवर रडले, तर दुसऱ्या दिवशी माझे वडील, अण्णा, न्यायलाच हजर! बॅग भरून मी त्यांच्यामागे स्टाफरूममध्ये उभी राहिले. एकदा घरी गेले की परत येणं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, लई इंग्रजी हाय ह्ये. पोरीला न्हाई झेपत. नेतो मी तिला."

मॅडमनी आधी चहा मागवला. मग अगदी सहज विचारलं, "दादा, माणूस गुडघ्यावर आपटला तर काय फुटतं?"

"वाटी."

"हिच्या पेपरात तेच तर होतं. ज्यांनी पटेला नाव दिलं, त्यांनाही तिथं वाटीच दिसली."

अण्णांचा कप हातातच राहिला. "आँ? त्यांच्यातबी वाटीच?"

"वाटीच. बाकीची नावंही अशीच घरातली. रोज संध्याकाळी मी स्वतः अभ्यासाला बसवते हिला. पुढच्या परीक्षेपर्यंत तरी ठेवा."

अण्णा बराच वेळ स्वतःचा गुडघा चाचपत बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ऱ्हा मग. तुझ्या आईला सांगतो मी काय ते." आणि एकटेच स्टँडकडे निघाले. मला इतकं रडू आलं की त्यांना नीट निरोपही देता आला नाही.

मी पास झाले, नर्स झाले. गेल्या वर्षी मॅडम रिटायर झाल्या, तेव्हा आवर्जून भेटायला गेले. म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही किती निवांत होतात हो!"

"डोंबलाची निवांत!" मॅडम हसल्या, पण डोळे भरले होते. "आदल्या वर्षी एका पोरीला तिच्या बापानं असंच नेलं आणि मी मूग गिळून बसले होते. तुझे अण्णा समोर चहा पीत होते ना, तेव्हा टेबलाखाली माझ्या दोन्ही वाट्या लटलटा कापत होत्या."