संप मिटेल असं मी म्हणालो होतो

गिरणी संपाच्या काळात मी एका संशोधन संस्थेत आकाशगंगेच्या केंद्राचा अभ्यास करत होतो. तिथे महाप्रचंड कृष्णविवर असावं, असा तेव्हा संशय होता. ते दिसत नाही, म्हणून भोवतालचा वायू किती वेगाने फिरतो ते आम्ही मोजायचो. हे केंद्र धनू राशीत आहे, असं मी करी रोडच्या आमच्या चाळीत एकदा सांगितलं, आणि चाळीने मला ज्योतिषी ठरवलं.

शेजारचे काका विणकर होते. एका संध्याकाळी दारात येऊन म्हणाले, "माझी रास धनूच. संप कधी मिटतलो, सांग."

"काका, मी भविष्य नाही बघत."

"इतक्या लांबचा दिसता तुका, आणि लालबागचा दिसणा नाय?"

त्यांना भिवंडीत यंत्रमागावर काम मिळत होतं. उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. मला जेवायला बसायचं होतं.

"दिवाळीपर्यंत मिटेल," मी म्हणालो.

त्यांनी ते काम नाकारलं. दिवाळी आली, संप तसाच राहिला. पुढे काका बरीच वर्षं एका दुकानाबाहेर वॉचमन होते. आडमुठेपणा नडला, असं चाळ म्हणायची, काकूही म्हणायच्या. मी तिथेच उभा असायचो. काकांनी माझं नाव कधी घेतलं नाही.

आता ते नाहीत, म्हणून लिहितो. ते आडमुठे नव्हते. त्यांनी शास्त्रज्ञाला विचारून निर्णय घेतला होता. मी दिवाळी ज्या पुराव्यावर सांगितली, तेवढ्यावर संस्थेत एक वाक्यही लिहिलं नसतं.